जुना सबवूफर: उघडायचा की बदलायचा?

सबवूफर, म्हणजे जाड, खोल आवाजाचा स्पीकरचा डबा, मुका झाला की लोक थेट स्पीकरला दोष देतात. आधी फ्यूज बघा. मग स्पीकरच्या वायरी सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) हलून 'टप्प' वाजलं तर कॉइल (त्यामागची तारेची गुंडाळी) तुटलेली नाही. मल्टिमीटरवर 4 ओहमचा स्पीकर साधारण 3 ते 3.8 ओहम दाखवतो. कोन हलक्या हातानं सरळ दाबल्यावर खरखरला, तर कॉइल घासते आहे. जळून फुगली असेल किंवा ती हलते त्या चुंबकाच्या फटीत कचरा गेला असेल.

खरा घोळ विजेचा. वावरातले पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, बंद झाले की उसळतं. वरून मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन आणि पत्र्याचं छत. यात पॉवर सप्लायचे कपॅसिटर (वीज साठवून सुरळीत करणारे डबीसारखे भाग) सुकतात. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही 'घूंऽऽ' येत असेल तर पहिला संशय त्यांच्यावर. जुना 4700 मायक्रोफॅरड, 35 व्होल्टचा असेल तर मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि 105 अंश उष्णता सोसणाराच घ्या. प्लस-मायनस उलटलं तर फुटतो. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, लगेच हात घालू नका.

कडेचा फोम भुसा झाला असेल तर नुसती रिंग बदलते. मापाची रिंग तालुक्याला नाही मिळाली तर नागपूरला सीताबर्डीत विचारा.

ट्रान्सफॉर्मर आणि आयसी (आवाज वाढवणारी चिप) दोन्ही गेले तर मात्र हिशेब करा: खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की सोडा. पावसात फुगलेला एमडीएफचा (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीचा) डबा सुधारत नाही. जाड प्लायवूडचा असेल तर ठेवा, नवा ॲम्प्लिफायर बोर्ड त्यातच बसतो.