डिसेंबरात मी घरी असतो

दिवाळीचा फराळ संपत आला की पुण्याहून, सांगलीहून विचारणा सुरू होते. "काय रे, सवाईला येणार ना यंदा?" मी नाही म्हटलं की पलीकडचा माणूस जरा घुटमळतो. तबलजी डिसेंबरात घरी बसलाय म्हणजे एकतर हात दुखावलाय, नाहीतर कुणा गायकाशी बिनसलंय. तिसरं कारण कुणाला सुचत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. 1953 मध्ये सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाल्यापासून पुण्यात थंडी आणि गाणं एकत्रच येतात. डिसेंबर-जानेवारीत तिकडे बरा साथीदार रिकामा सापडणं मुश्कील.

मी राहतो जर्मनीत, लाइपझिगला, आणि माझं वर्ष नेमकं उलटं चालतं. सॅक्सोफोन, डबल बास आणि तबला असं आमचं त्रिकूट. आमचा हंगाम मे ते सप्टेंबर, उघड्यावरच्या फेस्टिव्हलांचा. जुलैच्या सुरुवातीला रुडोलश्टाटचा महोत्सव, मग गावोगावचे किल्ले, कोठारं, तंबू. ऑक्टोबर-नोव्हेंबरात छोटे हॉल. नंतर मार्चपर्यंत शुकशुकाट. पूर्वी ही फट मी भारतात येऊन भरायचो. लेक शाळेत जायला लागली तेव्हा ठरवलं, डिसेंबर ते फेब्रुवारी बाहेरचं काम घ्यायचं नाही. याची किंमत मोजावी लागते, ते लपवत नाही. आयोजकाला दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा तो विचारत नाही. कुणावर राग नसतो, यादीत तुमच्या जागी दुसरं नाव आलेलं असतं एवढंच. ज्या गायकांबरोबर मी वाजवायचो त्यांच्याबरोबर आता दुसरी पोरं बसतात, आणि छान वाजवतात. रात्री साडेआठला मंडपातून मित्र व्हॉइस नोट पाठवतो. आमच्याकडे तेव्हा दुपारचे चार, बाहेर दिवेलागण, आणि मी गाजरं सोलत ती ऐकत असतो.

घरी राहण्यामागे आणखी एक कारण आहे: डिसेंबर बायकोचा. ती ओबो वाजवते, सनईच्या जातीचं वाद्य; कुठल्याही ऑर्केस्ट्रात नोकरीला नाही, बोलावतील तिथे जाते. इकडे नाताळच्या आधी जवळपास प्रत्येक चर्चला बाखचा ख्रिसमस ऑरेटोरिओ, म्हणजे येशूजन्मावरची गायक-वादकांची मोठी रचना, करायचा असतो. सहा भागांची ही रचना 1734 च्या नाताळापासून 6 जानेवारीपर्यंत याच गावातल्या थॉमस आणि निकोलाय चर्चमध्ये पहिल्यांदा वाजली, त्यामुळे इथे तिचा थाट काही औरच. सुरुवात एकट्या टिंपनीवर, म्हणजे तिकडच्या नगाऱ्यांवर होते, गायकांच्याही आधी. तबलजी म्हणून मला त्या जागेचा विनाकारण अभिमान वाटतो. दुसऱ्या भागाच्या आरंभी मेंढपाळांचं संगीत येतं, त्यात ओबोच्या घराण्यातली चार वाद्यं एकदम लागतात. म्हणजे एरवी दोन ओबोवाल्यांवर भागतं, तिथे डिसेंबरात चौघांना मागणी. शनिवार-रविवार ती सकाळी निघते ती रात्री उशिरा उगवते, पायांत दोन-दोन मोजे, कारण दगडी चर्च आतून गारठलेली असतात.

ओबोची रीड ती स्वतः बनवते. दोन पात्यांची, आपल्या सनईच्या पत्तीच्या नात्यातली. बोरूसारख्या जाड गवताची काडी चिरायची, तासायची, दोऱ्याने नळीवर बांधायची, आणि मग चाकूने खरवडत बसायचं, केसाएवढं. मधूनमधून ती कपातल्या पाण्यात बुडवून तोंडाला लावते. नुसती रीड फुंकली की कावळ्याच्या पिल्लासारखा आवाज येतो. आवाज पटला नाही की पुन्हा चाकू. हे सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालतं, कारण दिवा तिथलाच चांगला आहे. सकाळी जॅमच्या बाटलीशेजारी पिवळसर भुसा पडलेला असतो. लेक तो बोटाने गोळा करते आणि निर्विकारपणे डबा भरायला घेते. एखादी रीड छान जमली तरी थोड्या कार्यक्रमांत बसून जाते. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, परवडली म्हणायची.

पुडीचंही हिवाळ्यात काही खरं नसतं. शून्य अंशाच्या हवेत फार तर पाच ग्रॅम पाणी मावतं, एका घनमीटरमध्ये. तीच हवा घरात येऊन वीस अंशांना तापली की तिला सतरा ग्रॅम झेपेल, पण तिच्याकडे आहेत पाचच. म्हणजे घरातली आर्द्रता तीस टक्क्यांवर, कधी त्याच्याही खाली. ही तहानलेली हवा लाकडातून, कातड्यातून, माणसाच्या नाकातून पाणी ओढते. रात्री काळी एकला लावून ठेवलेला तबला सकाळी पांढरी दोनकडे निघालेला असतो, म्हणजे सूर चढलेला. सूर उतरवायला वादीखालचे लाकडी गट्टे वर सरकवायचे, पुडीच्या कडेच्या गजऱ्याला खालून हातोडीचे हलके ठोके द्यायचे, तरी चाट, म्हणजे पुडीची किनार, कर्कश बोलते. पुडीवरच्या काळ्या शाईला बारीक भेगा पडल्या की एक दिवस कण उडायला लागतात. सांगली-मिरजेला पावसाळ्यात आम्ही ढिल्या पडलेल्या पुड्यांवरून रडायचो. इथे उलटी तऱ्हा. ओबोचं काळं लाकूडही अशा हवेत तडकतं, त्यामुळे या एका बाबतीत आम्हा नवराबायकोचं पूर्ण एकमत आहे. हॉलमध्ये आर्द्रतामापक टांगलाय, काटा पंचेचाळीसच्या खाली गेला की जो जवळ असेल त्याने ह्युमिडिफायरमध्ये पाणी भरायचं.

सासूबाई मात्र या करारात नाहीत. त्या एर्त्सगेबिर्गच्या डोंगरातल्या, पहिल्या ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्याच्या, आदल्या दिवशी येतात आणि खोक्यातून खाणकामगारांची लाकडी कमान काढून खिडकीत मांडतात. दिवे लागले की समोरच्या इमारतीतही अशाच कमानी दिसतात. रस्ताभर एकही खिडकी अंधारी नसते. तोवर ठीक. पण सकाळी उठल्या उठल्या त्या घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. भिंतींना बुरशी लागू नये म्हणून जर्मनीत हे घरोघरी करतात, आणि ते योग्यच आहे, ओलावा बाहेर जायलाच हवा. माझ्या ह्युमिडिफायरने रात्रभर राबून जमवलेला ओलावासुद्धा त्याच खिडकीतून जातो. मी तबल्याच्या पिशवीवर गोधडी टाकतो आणि गप्प बसतो. "बघ, कशी ताजी हवा!" त्या म्हणतात. जावयाने यावर काय बोलायचं?

सरावाच्या वेळांचं वेगळंच. ऑग्सबुर्गच्या एका ट्रम्पेटवाल्याविरुद्ध शेजारी कोर्टात गेले होते. 2018 मध्ये कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, घरात वाजवायला सरसकट बंदी घालता येणार नाही; साधारण प्रमाण म्हणून आठवड्याच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी-सुट्टीला एक ते दोन. मी टूरवर असताना हे सगळे तास बायकोचे. डिसेंबरात दोघंही घरी, तास तेवढेच, त्यामुळे फ्रिजवर तक्ता लागतो. खालच्या मजल्यावरच्या आजींना कायद्याची कलमं ठाऊक नाहीत आणि गरजही पडलेली नाही. त्यांचा नियम साधा: एक ते तीन झोप, त्या वेळी काही नको. ओबो त्यांना आवडतो. तबलाही चालतो. डग्गा मात्र त्यांच्या कपाटातल्या काचेच्या पेल्यांना चालत नाही. म्हणून मी जाड रबरी चटई, त्यावर सतरंजी, त्यावर गादी अशी बैठक घालतो. डग्ग्यावर तळवा घासून घिस्सा काढताना तरीही त्यांचे पेले डोळ्यांसमोर येतात.

टूरवरून आल्यावर पहिला आठवडा मी घरात पाहुणाच असतो. हे कलाकार मंडळी फारसं बोलत नाहीत. आपल्याला वाटतं, आलो, आता सगळे सुटकेचा श्वास सोडतील. इकडे त्या दोघींची घडी उत्तम बसलेली असते. चाकू दुसऱ्या खणात गेलेले असतात. कुठल्या दिवशी कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा ते मला विचारावं लागतं. मी उत्साहाने कांदेपोहे करतो आणि लेक सांगते, "बाबा, बुधवारी आम्ही मुसली खातो." पहिले काही दिवस मी मुकाट्याने भांडी धुण्याचं मशीन भरतो, सकाळच्या काळोखात तिला चमकणारा पट्टा लावून शाळेत सोडतो, आणि कुणी काही विचारेल याची वाट बघतो. विचारतात हळूहळू. आधी गणिताचं, मग हँडबॉलचं.

हो, हँडबॉल. तबला नाही, ओबो नाही, व्हायोलिन तर नाहीच. दोन वादकांच्या घरात राहून तिने असा खेळ शोधलाय ज्यात आईबाबांना ओ की ठो कळत नाही, आणि मला तिचं कौतुक आहे. रविवारी सकाळी व्यायामशाळेत सामने, पालकांनी आळीपाळीने केक आणायचे. मी नारळाच्या वड्या नेतो. त्या पहिल्या मध्यंतरालाच संपतात. मग प्रशिक्षकबाई मला पुढच्या वेळची यादी दाखवतात, तिथे माझं नाव आधीच लिहिलेलं असतं.

1 डिसेंबरच्या आत आणखी एक काम उरकावं लागतं. विल्हेल्म्सहाफेनला कलाकारांची सामाजिक विमा संस्था आहे, 1983 पासून चालू. स्वतंत्र कलाकाराने आजारपण, शुश्रूषा आणि पेन्शनचा साधारण अर्धा हप्ता भरायचा. उरलेला काही कलाकारांचं काम वापरणाऱ्या कंपन्यांकडून, काही सरकारकडून येतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तबला वाजवतोस हे त्यांना माहितीय ना?" व्यवस्था खरोखर चांगली आहे, तिच्याशिवाय आम्ही दोघं या पेशात टिकलो नसतो. फक्त दरवर्षी पुढल्या वर्षाच्या कमाईचा अंदाज आधी कळवावा लागतो. तबलजीला! आम्ही दोघं रीड-चाकू बाजूला सारून टेबलाशी बसतो आणि कॅल्क्युलेटर घेऊन आशावाद किती ठेवायचा यावर वाद घालतो. ती नेहमी कमी सांगते, मी जास्त. मधला आकडा जातो.

नाताळ मात्र शांतपणे पार पडतो, कारण तोवर बायको इतकी दमलेली असते की 24 तारखेला बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज यापलीकडे कुणी काही मागत नाही. मी त्या सॅलडवर गुपचूप फोडणी घालून पाहिली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि काही बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीत झाक्सन प्रांतात शाळांना दोन आठवडे सुट्टी असते. बर्फ पडला तर सगळं गाव घसरगाड्या घेऊन फोकेबर्गला. युद्धात पडलेल्या घरांचा ढिगारा रचून झालेली ती टेकडी. वर जाताना पायाखाली कुणाच्या भिंती आहेत याचा विचार मी करतो, लेक करत नाही, तिला रांग मोडून पुढे कसं घुसायचं याची चिंता. गेल्या आठवड्यात तिथेच, हातमोजे काढून, मी मार्चच्या टूरचं वेळापत्रक फोनवर उघडलं. पहिला कार्यक्रम कासलला, शनिवारी. त्याच शनिवारी तिचा उपांत्य सामना, आणि बायकोची ड्रेस्डेनला तालीम. घरी आल्यावर तिघांनी आपापली बाजू मांडली. अजून काही ठरलेलं नाही. सासूबाईंनी डायरी काढलीय, पण त्या आल्या तर खिडक्यांचं काय ते आधी बोलून घ्यावं लागेल.