सव्वा मिलिमीटरची चूक

समोरासमोर बुद्धिबळ खेळताना कोपर लागून हत्ती हलला, तर ‘हात लावला, आता खेळ’ असं कुणी म्हणत नाही. उघड उघड चुकून झालेल्या स्पर्शाला फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांत सूट आहे. ऑनलाइन डावात ती नाही. बटण सुटलं तेव्हा पॉइंटर ज्या घरावर होता, तीच तुमची चाल. वजीर जी७ ऐवजी जी६ वर पडला की पुढचं सगळं प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

याला निष्काळजीपणा म्हणून सोडून देतात, ते मला पटत नाही. बहुतेक माउसस्लिप, म्हणजे माउस घसरून चुकीच्या घरावर पडलेल्या चाली, मोजमापातून येतात. हिशोब करून बघा. पट ६४० पिक्सेलचा धरला तर एक घर ८० पिक्सेलचं. माउस ८०० डीपीआयचा (इंचभर सरकला की ८०० बिंदू मोजणारा), विंडोजमधला पॉइंटरचा वेग मधोमध आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद असेल, तर एक घर ओलांडायला हात फक्त अडीच मिलिमीटर सरकतो. घराच्या मध्यापासून शेजारच्या घराची सीमा सव्वा मिलिमीटरवर. १६०० डीपीआयला हेच अंतर निम्मं होतं. गेमिंगचा महागडा माउस घेऊन तो चढ्या डीपीआयवर ठेवणारे इथेच फसतात. ४०० ते ८०० पुरेसा आहे: ८०० ला ए१ ते एच८ हा सगळ्यात लांब कर्णसुद्धा अडीच सेंटीमीटरमध्ये पार होतो.

‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाला अचूकता असली तरी ते बंदच हवं. ते चालू असताना हात जोरात हलवला की पॉइंटर जास्त लांब जातो. म्हणजे सावकाश खेळताना बसलेला अंदाज शेवटच्या दहा सेकंदांत, नेमका गरज असताना, चुकतो.

चाल ओढून खेळायची की दोन क्लिकमध्ये, हे एकदाच ठरवा. लिचेस आणि चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या दोन्ही साइटवर सेटिंगमध्ये एकच पद्धत निवडता येते. सुरुवातीला दोन्ही चालू असतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ओढण्यात मोहरा एक घर अलीकडे पडतो, विशेषतः उंट आणि वजीर लांब कर्णावर जाताना. दोन क्लिकच्या पद्धतीत दुसरीच गोची: घोडा निवडला, विचार बदलला, आणि निवड तशीच राहिली. आता घोड्याला जाता येईल अशा रिकाम्या घरावर सहज क्लिक झालं तरी घोडा तिथे जातो. दुसऱ्या टॅबवरून परत येताना पटावरच क्लिक करणाऱ्यांचं असं हमखास होतं. परतल्यावर क्लिक पटाबाहेरच्या मोकळ्या जागेत करा. निवड किंवा प्रीमूव्ह (समोरच्याची चाल होण्याआधीच लावून ठेवलेली आपली चाल) रद्द करायला राइट क्लिक आहे, त्याची बोटाला सवय लावा. ओढलेला मोहरा परत जागेवर ठेवला तरी तो निवडलेला राहू शकतो, तेव्हाही राइट क्लिक.

ओढूनच खेळायचं असेल तर शक्य चाली दाखवणारं सेटिंग बंद करू नका. मोहऱ्याच्या चित्राकडे न बघता पॉइंटरखाली उजळलेल्या घराकडे बघा आणि मगच बटण सोडा.

किल्लेकोटासाठी, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्यासाठी, एक साधी युक्ती आहे. राजा ई१ वरून जी१ ला नेताना एक घर अलीकडे, एफ१ वर पडला तर किल्लेकोट कायमचा गेला. लिचेसवर राजा हत्तीवर ठेवून किल्लेकोट करायचा पर्याय आहे, तो निवडा. मग एक घर कमी पडलं तर राजा जी१ वर येतो. ई१ वरून जी१ ही राजाची दुसरी कुठलीही चाल नसते, त्यामुळे फार तर चाल मानली जाणार नाही. नुकसान काहीच नाही.

प्रीमूव्हमध्ये धोका सारखा नसतो. आपलाच मोहरा असलेल्या घरावर परत मारण्याची प्रीमूव्ह सुरक्षित: तो मोहरा मारला गेला नाही तर चालच बेकायदा ठरून रद्द होते. रिकाम्या घरावरची प्रीमूव्ह मात्र समोरच्याने काहीही खेळलं तरी, कायदेशीर असली की होतेच.

सगळं नीट असूनही मोहरा मध्येच गळून पडत असेल तर माउसच्या बटणाखालचा स्विच झिजला असेल. तपासायला एखाद्या लांब मजकुरावर बटण दाबून सावकाश ओढत जा, दहा वेळा. एकदा जरी निवड मध्येच तुटली तरी त्या माउसने रेटिंगचा डाव खेळू नका. वायरलेस असेल तर आधी सेल बदलून पाहा.

लॅपटॉपच्या टचपॅडवर ओढणं सोडाच, दोन क्लिक. फोनवरही तेच: तिथे बोटाखाली अख्खं घर झाकलं जातं, मोहरा कुठे सुटतोय ते दिसतच नाही.

रॅपिड आणि क्लासिकल या जास्त वेळाच्या डावांना लिचेसवर ‘चाल पक्की करा’ चालू ठेवा. प्रत्येक चालीला एक क्लिक जास्त लागतो, १०+५ च्या (दहा मिनिटं, शिवाय प्रत्येक चालीला पाच सेकंद) डावात तो परवडतो. ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावांत, नको. तिथे ३+० पेक्षा ३+२ निवडा. प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या दोन सेकंदांत उजळलेलं घर बघायला वेळ उरतो.