घड्याळवालीच्या गावात : आमची वाटचाल

आमच्या प्रकाशनाच्या जमाखर्चात पहिली नोंद मुखपृष्ठाची आहे, आणि ते मुखपृष्ठ आम्ही तीन महिन्यांत काढून टाकलं. काळीकुट्ट पार्श्वभूमी, मधोमध सुरी, सुरीच्या टोकाला लाल थेंब. चित्रकाराने काम चोख केलं होतं, सांगितलं आम्हीच चुकीचं. आतली गोष्ट होती डोंगरातल्या एका लहानशा खेड्यात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या ५८ वर्षांच्या बाईची. तिच्याकडे एक म्हातारं होत चाललेलं कुत्रं आहे, आणि गावातलं प्रत्येक भांडण तिला तोंडपाठ आहे. सुरी तर अख्ख्या पुस्तकात कुठेच नव्हती. मुखपृष्ठ पाहून थरारकथा वाचणाऱ्यांनी पुस्तक घेतलं आणि साहजिकच ते चिडले. एकाने लिहिलं, 'दीडशे पानं झाली, अजून सगळे गप्पाच मारतायत!' आमच्या पुस्तकाची याहून चांगली जाहिरात मला आजवर सुचलेली नाही. फक्त ती भलत्याच माणसांपर्यंत पोचली होती.

'प्रकाशन' म्हणजे आम्ही दोघी. मी लिहिते आणि बाकी सगळं माझी नणंद बघते. ती एका कारखान्यात हिशेब तपासायची. कच्चा खर्डा पहिल्यांदा तिच्या हातात दिला तेव्हा तिने तो तसाच तपासला, लाल पेन घेऊन, ओळ न् ओळ. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वहिनी, हा माणूस सहाव्या प्रकरणात डावखुरा आहे आणि अकराव्यात उजव्या हाताने सही करतो. हा सुगावा आहे की चूक?" चूक होती. पण सुगावा म्हणून ती इतकी छान होती की मी ती तशीच ठेवली आणि शेवट बदलला. भागीदारी त्याच दिवशी ठरली.

आम्ही लिहितो त्या प्रकाराला सगळीकडे 'कोझी' म्हणतात, म्हणजे ऊबदार रहस्यकथा. खून होतो, पण पानाआड. रक्ताचं वर्णन नाही, शिवीगाळ नाही, शय्यागृहाचं दार लावलेलं. तपास करणारी व्यक्ती पोलिसांतली नसते. तिचा स्वतःचा काहीतरी उद्योग असतो आणि त्या उद्योगातलंच ज्ञान शेवटी कामी येतं. जागा लहान, माणसं मोजकी, सगळे एकमेकांना ओळखणारे. शेवटी गुन्हेगार सापडतो आणि गाव पुन्हा आपापल्या कामाला लागतं. लोकांना वाटतं हे लिहायला सोपं. खरं सांगायचं तर भीती दाखवायची सोय नसल्यामुळे वाचकाला पान उलटायला लावणं अवघड होऊन बसतं. त्याला कोड्यातच गुंतवावं लागतं, आणि कोडं खोटं खेळून चालत नाही.

इंग्लंडमधले पाद्री आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. आज त्यातले काही गमतीचे वाटतात. एकाहून जास्त गुप्त खोल्या नकोत, हा त्यातलाच. पण तपास करणाऱ्याला सापडलेला सुगावा वाचकालाही तिथल्या तिथे दाखवलाच पाहिजे, हा नियम आमच्या टेबलासमोर चिकटवलेला आहे. आणखी एक नियम असा, की आजवर कोणाला सापडलेलंच नाही असं विष वापरू नये. तो आम्ही कसोशीने पाळला. आमचं विष सर्वांना माहीत असलेलंच होतं. ते किती वेळात मारतं, हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या पुस्तकातली ही गोष्ट. डिजिटॅलिस नावाची झुडपं असतात, घंटेसारख्या फुलांची. त्यांच्यापासून हृदयाचं औषध निघालं, आणि मात्रा चुकली तर तेच विष. आमच्या कथेत वनौषधींच्या काढ्यात कोणीतरी त्याची पानं मिसळतं. संध्याकाळी पाचला पाच जण एकत्र बसलेले, एक जण पेला तोंडाला लावतो आणि दोन मिनिटांत खुर्चीतून खाली. संशयित उरले चार. माझ्या मते बांधेसूद काम झालं होतं.

पुस्तक बाहेर पडून पंधरा दिवस झाले असतील, एका औषधनिर्मात्या वाचकाचं पत्र आलं. सूर अगदी अदबीचा. त्यांनी लिहिलं होतं की तोंडावाटे पोटात गेलेल्या डिजिटॅलिसला असर दाखवायला तास लागतात. आधी मळमळ, उलट्या, मग हृदयाचे ठोके बिघडतात. दोन मिनिटांत माणूस पडत नाही. मी ते पत्र नणंदेला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग चार संशयित कुठले? दुपारपासून त्या घरात येऊन गेलेले सगळेच धरा."

बरोबरच होतं. एका आकड्यामुळे सगळ्यांचे 'मी तेव्हा तिथे नव्हतो' कोसळले होते. आणि कथेची नायिका घड्याळवाली! वेळ चुकवायची तर निदान तिच्या गोष्टीत नको होती.

अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करत, विषांची त्यांची माहिती तिथली. आमच्याकडे तसं काही नव्हतं, म्हणून आम्ही त्या औषधनिर्मात्यांनाच विनंती केली आणि पुस्तकाचा मधला भाग पुन्हा लिहिला. त्यांच्याकडूनच कळलं की डिजिटॅलिसच्या विषबाधेत नजरेला पिवळट झाक येऊ शकते. नव्या आवृत्तीत मरणारा माणूस दुपारी घड्याळवालीच्या दुकानात येतो आणि सहज म्हणतो, 'आज सगळ्या तबकड्या पिवळ्या का दिसतायत? काचा पुसत नाही का?' ती खरोखरच काचा पुसायला घेते. वाचकही पुसतो आणि पुढे जातो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवलेला असा सुगावा मला नंतर जमलेला नाही.

ई-बुकची फाइल बदलणं सोपं, एका रात्रीचं काम. पण प्रदर्शनात विकायला म्हणून आम्ही २०० प्रती आधीच छापून घेतल्या होत्या. ती खोकी अजून माळ्यावर आहेत. तेव्हापासून छापील पुस्तक मागणीप्रमाणेच छापतो, एकाची ऑर्डर आली तर एक. प्रतीमागचा खर्च जास्त पडतो, पण माळा मोकळा राहतो आणि चुका दुरुस्त करता येतात.

पैशांचं थोडं सांगते, कारण लिहायला लागलेले लोक सगळ्यात आधी तेच विचारतात, फक्त शेवटी विचारल्यासारखं करतात. ॲमेझॉनच्या किंडलवर ई-बुक ठरावीक किंमतपट्ट्यात ठेवलं तर ७० टक्के रॉयल्टी मिळते, पट्ट्याबाहेर ३५. ई-बुक फक्त त्यांच्याकडेच ठेवायचं असा ९० दिवसांचा करार केला, तर ते वर्गणीदार वाचकांनाही मिळतं, आणि तिथे जुलै २०१५ पासून वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. म्हणजे कोणी पुस्तक उतरवून घेतलं आणि उघडलंच नाही तर हाती शून्य. आम्ही या करारात दोनदा गेलो, एकदा बाहेर पडलो. बाहेर दुकानं जास्त असली तरी प्रत्येक दुकानात नव्याने ओळख करून घ्यावी लागते, आणि दोन बायकांना तेवढा वेळ नव्हता. दुसऱ्या कोणाचा हिशेब वेगळा येईल.

पहिल्या दोन पुस्तकांनी जाहिरातीचा खर्चसुद्धा भरून दिला नाही. मी बंद करायच्या बेतात होते. नणंदेने कागदावर आकडे मांडले. समजा १०० जणांनी पहिलं पुस्तक घेतलं, त्यातल्या ५० जणांनी दुसरं घेतलं, ४० जणांनी तिसरं. एकच पुस्तक असेल तर जाहिरातीचा खर्च १०० प्रतींवर बसतो, तीन असतील तर १९० वर. जाहिरात तीच, खर्च तोच. "पहिलं पुस्तक विकायला ठेवलंय असं समजूच नका वहिनी," ती म्हणाली, "ते गावाची वेस आहे. आत आलेली माणसं किती राहतात ते मोजा." त्यानंतर आम्ही जाहिरात जवळपास थांबवली आणि चौथं, पाचवं पुस्तक होईपर्यंत नुसतं लिहिलं. एकुलत्या एका पुस्तकावर जाहिरातीचे पैसे ओतणाऱ्यांना मी आजही हात जोडून थांबा म्हणते.

थांबवली म्हणजे अगदी शहाण्यासारखी थांबवली असं नाही. त्याआधी एकदा चांगलंच पोळलं होतं. दुकानाच्या संकेतस्थळावर जाहिरात लावताना शोधशब्द द्यावे लागतात, कोणी तो शब्द शोधला की आपलं पुस्तक समोर येतं आणि टिचकी मारली की आपले पैसे कापले जातात. मी मोठ्या हौसेने 'घड्याळ' हा शब्द दिला. शेवटची तारीख घालायला विसरले. मग आम्ही दोघी एकदमच तापाने आडव्या झालो. चार दिवसांनी उठून पाहिलं तर महिन्याचे पैसे संपलेले आणि विकलेल्या प्रती सात. मनगटी घड्याळ घ्यायला आलेली माणसं मुखपृष्ठावरची तबकडी पाहून टिचकी मारत होती आणि हे पुस्तक आहे म्हणून परत जात होती. आता शोधशब्दांची यादी नणंद करते. मला त्या पानाचा पासवर्डही माहीत नाही.

मुखपृष्ठ तिसऱ्या प्रयत्नात बसलं. हाताने काढल्यासारखं चित्र, उजळ रंग, दुकानाची खिडकी, दारात कुत्रं, आणि नीट पाहिलं तर खिडकीतलं एक घड्याळ बंद पडलेलं. कलावंत मंडळींना हे गोड गोड वाटतं. मलाही आधी वाटायचं. पण मुखपृष्ठ म्हणजे दुकानावरची पाटी, आत काय मिळतं ते लांबून कळलं पाहिजे. आता अकराही पुस्तकांवर तीच खिडकी आहे, फक्त ऋतू बदलतो.

अभिप्राय मिळवणं हा सगळ्यात रटाळ भाग. माझ्या मावशीने प्रेमाने पाच तारे दिले, ते दोन दिवसांत उडवले गेले. नात्यातल्यांनी अभिप्राय द्यायचा नसतो, हे आम्ही नियमांत वाचलंच नव्हतं. पैसे देऊन मिळवलेले अभिप्राय तर सपशेल मना, आणि ते वाचताना कळतातही. आम्ही आता नवं पुस्तक बाहेर पडण्याआधी महिनाभर चाळीसेक वाचकांना देतो, बदल्यात काही मागत नाही. त्यातले निम्मे लिहितात. चार जण चुकाच शोधतात, आणि त्या चौघांसाठी मी बाकीचे छत्तीस सोडायला तयार आहे.

दिवस कसा जातो? सकाळी लिखाण, बाराशे शब्द, भरले तर. पुस्तक ५५,००० ते ६०,००० शब्दांत बसतं, मृतदेह तिसऱ्या प्रकरणाच्या आत सापडावा लागतो. गुन्हेगार कोण हे मला आधी ठाऊक असतं, पण का, ते कधीकधी निम्म्यावर कळतं. मग मागे जाऊन पेरणी. चकवे किती ठेवायचे यावर आमची भांडणं होतात, तिला दोन पुरे वाटतात, मला चार हवे असतात. दुपारी वाचकांची पत्रं. महिन्यातून एकदा आम्हीही सगळ्यांना एक पत्र पाठवतो. त्यात पुस्तक घ्या असं फारसं नसतंच. गावात काय चाललंय ते असतं, कोणाच्या अंगणात काय फुललं, कोणी कोणाशी बोलणं टाकलं. जाहिरातीने येणारे वाचक येतात आणि जातात, या पत्रावर राहिलेले नव्या पुस्तकाची तारीख आम्हालाच विचारतात.

२०२३ साली किंडलने एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं टाकता येतील अशी मर्यादा घातली. यंत्राकडून लिहून घेतलेल्या पुस्तकांची भीती तोवर सगळीकडे पसरली होती. मी बातमी वाचली आणि हसू आवरेना. दिवसाला तीन! आम्ही नऊ वर्षांत अकरा.

अकरा पुस्तकांत चौदा मृत्यू झाले, त्यातून एक वेगळीच अडचण उभी राहिली. गावात माणसं मुळात ४३. नणंदेकडे 'गावाची वही' आहे, नकाशा, प्रत्येकाचं वय, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाकडे कुठलं घड्याळ. पाचव्या पुस्तकानंतर तिने वही माझ्यापुढे आपटली, "या वेगाने पंधराव्या पुस्तकात घड्याळवाली आणि पोस्टमन एवढेच उरतील." तेव्हापासून शक्यतो मरणारा बाहेरगावचा असतो. जत्रेला आलेला, वारसाहक्काचं भांडण घेऊन आलेला, जुनं घड्याळ विकायला आलेला. गावच्या माणसांवर फक्त संशय येतो.

कुत्र्याचं मात्र काही केल्या सुटत नाही. पहिल्या पुस्तकात मी सहज लिहून गेले की ते नऊ वर्षांचं आहे. गावात काळ हळू चालतो, अकरा पुस्तकांत अडीच वर्षंच झालीत, तरी साडेअकरा झालंच. वाचक मोजतात. मागच्या पत्राला आलेल्या उत्तरांत बाराव्या पुस्तकातल्या खुनाबद्दल तिघांनी विचारलं, कुत्र्याच्या तब्येतीबद्दल एकोणीस जणांनी. एका आजींनी तर स्पष्ट लिहिलं की माणसं हवी तेवढी मारा, पण त्याला काही झालं तर मी पुढचं पुस्तक घेणार नाही.

बाराव्याचं तिसरं प्रकरण परवा पूर्ण झालं. मरणारा बाहेरगावचाच आहे, विहिरीपाशी सापडतो, कुत्रंच भुंकून दाखवतं. खर्डा नणंदेकडे गेला. काल वही उघडली तर कुत्र्याच्या नावापुढचा वयाचा रकाना तिने लाल पेनाने खोडला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'नोंद बंद.'