मंगळवार, संध्याकाळी साडेसहा

"उडली का गं पोरगी?"

सांगलीहून बाबांचा हा प्रश्न दर रविवारी यायचा. आधी 'जेवलात का', मग 'बर्फ पडला का', आणि मग हा. सप्टेंबरात विचारलं तेव्हा मी हसले. "बाबा, आत्ताशी फॉर्म भरलाय." ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तोच प्रश्न आणि माझं तेच 'अजून नाही'. जानेवारीत ते म्हणाले, "नक्की विमानं आहेत ना त्यांच्याकडे?"

आहेत. लेक जिथे कॅडेट झाली त्या सिव्हिल एअर पट्रोलकडे (बाबांच्या तोंडी ते 'पेट्रोल'च) साडेपाचशेच्या आसपास विमानं आहेत, बहुतेक एका इंजिनाची सेसना. पण महिन्याच्या चार मंगळवारच्या बैठकांत त्यातलं एकही नजरेला पडत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार.

आम्ही ओहायोत, डेटनजवळ राहतो. राइट बंधूंचं गाव. इथल्या हवाई दलाच्या प्रचंड संग्रहालयाला तिकीट नाही, त्यामुळे भारतातून कुणी पाहुणा आला की आमची वरात तिकडे निघते. अशाच एका फेरीत लेकीला तिच्या वयाची गणवेशातली मुलं भेटली आणि ती त्यांच्याशी अर्धा तास बोलत उभी राहिली. माझ्याशी त्या दिवसांत ती आठवड्याला अर्धा तास बोलत नव्हती, म्हणून मी चौकशी केली. कॅडेट व्हायला 12 वर्षं पूर्ण लागतात, आणि नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड. आमचं ग्रीन कार्ड त्याच वर्षी हाती आलं होतं. इतक्या वर्षांच्या वाटेनंतर त्याचा पहिला उपयोग हा होईल असं वाटलं नव्हतं.

सिव्हिल एअर पट्रोल ही अमेरिकी हवाई दलाची नागरी सहायक संघटना. 1 डिसेंबर 1941 ला स्थापन झाली आणि सहाच दिवसांत पर्ल हार्बर झालं. तेव्हा हौशी वैमानिक आपापली छोटी विमानं घेऊन किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्या शोधत फिरायचे. आज हरवलेली विमानं आणि माणसं शोधणं, पुरानंतर वरून फोटो काढणं, शाळांतून विमानविद्या शिकवणं आणि कॅडेट घडवणं अशी कामं चालतात. आमच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे स्थानिक तुकडीत, पगार कुणालाच नाही. दिवसभर कुणी विमा विकतो, कुणी दवाखान्यात असतो, आणि मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला सगळे कडक इस्त्रीत हजर.

मी कॉलेजात असताना एनसीसीत होते, 'बी' सर्टिफिकेटपर्यंत. त्यामुळे मला वाटलं, यात काय शिकायचंय? पहिल्या आठवड्यात लेक दिवाणखान्यात ड्रिलचा सराव करत होती तेव्हा मी पदर खोचून पुढे झाले. सावधान! पाय असा काही आपटला की शोकेसमधल्या काचा थरथरल्या. मग सॅल्यूट, तळहात समोर उघडा, जसा आम्हाला शिकवला तसा. लेक शांतपणे म्हणाली, "आई, आमच्यात पाय आपटत नाहीत." तळहातही समोर दाखवायचा नाही, खाली वळवायचा. चालताना हात खांद्यापर्यंत न्यायचे नाहीत, पुढे सहा इंच, मागे तीन. मला ते चालणं अर्धवट वाटलं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. सुरुवात डाव्या पायाने.

पालकाने नुसतं गाडीतून सोडावं आणि न्यावं, इतकंही चालतं. पण साडेआठपर्यंत पार्किंगमध्ये बसून काय करायचं? म्हणून मी पालकांसाठी असलेलं मर्यादित सदस्यत्व घेतलं. त्यालाही बोटांचे ठसे देऊन एफबीआयची तपासणी लागते, आणि मुलांच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. माझं पहिलं कार्ड परत आलं, ठसे उमटलेच नव्हते. नवरा म्हणाला, "भांडी घासून घासून रेषा पुसल्या." मी म्हटलं, मग आता तू घास. दुसऱ्या खेपेला आठवडाभर हाताला क्रीम चोपडून गेले आणि जमलं.

त्या अभ्यासक्रमातली एक गोष्ट मला फार पटली. दुसऱ्याच्या मुलाबरोबर कुठलंही मोठं माणूस एकटं राहायचं नाही, खोलीत नाही, गाडीतही नाही. एकदा पावसात एक मुलगा उशिरापर्यंत वडिलांची वाट बघत होता. त्याचं घर आमच्या रस्त्यावरच, पण लेक त्या दिवशी तापाने घरी होती, गाडीत मी एकटी. सांगलीत असते तर 'बस रे' म्हटलं असतं. इथे आम्ही दोन मोठी माणसं त्याच्याबरोबर वीस मिनिटं दारात उभी राहिलो. मला अवघडल्यासारखं झालं. त्याला नाही, त्याला नियम पाठ होता.

तर महिना. आमच्याकडे पहिला मंगळवार निळ्या गणवेशाचा आणि इन्स्पेक्शनचा. त्याची तयारी सोमवारी रात्री जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरून होते. बुटाला पॉलिश लावायचं, कापसाचा बोळा पाण्यात बुडवून गोल गोल फिरवायचा, पुन्हा पॉलिश. हे मात्र मला येत होतं. चेरी ब्लॉसमच्या डबीच्या झाकणात पाणी घेऊन आम्ही हेच करायचो, आणि बिल्ल्याला ब्रासो. मुलगी पहिल्यांदा माझ्याकडे, काहीतरी येणारं माणूस, अशा नजरेने बघत होती. शर्टाची कड, पट्ट्याच्या बकलाची कड आणि पँटच्या चेनची शिवण एका रेषेत हवी, तिला 'गिग लाइन' म्हणतात. ही तपासणी करणारी कॅडेट सोळा वर्षांची. म्हणजे सोळा वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्या मुलीला दोरा लोंबतोय म्हणून टोकते, आणि तेरा वर्षांची उत्तर देते, "येस, सार्जंट." हेच मी सांगितलं असतं तर दार आपटलं असतं.

दुसरा मंगळवार धावण्याचा, दंडांचा आणि पोटाच्या व्यायामाचा. त्याच रात्री चारित्र्यावरची चर्चाही असते, खोटं बोलणाऱ्या मित्राला वाचवावं का, असल्या प्रश्नांवर. तिथे काय बोललात, असं घरी विचारलं तर उत्तर मिळत नाही. तिसरा विमानविद्येचा. चौथा शोधकार्य आणि बढत्यांचा. पाचवा आलाच तर पिझ्झा.

या सगळ्याला लय देतो तो 56 दिवसांचा नियम. दोन बढत्यांमध्ये किमान आठ आठवडे जायलाच हवेत, आणि तेवढ्यात नेतृत्वाची परीक्षा, विमानविद्येची परीक्षा, व्यायाम, हजेरी हे सगळं बसवायचं. पायऱ्यांना नावं माणसांची. पहिली जॉन करी, संघटनेचे पहिले राष्ट्रीय प्रमुख. दुसरी हॅप अर्नोल्ड, दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी हवाई सेनेचे प्रमुख. तिसरी मेरी फाइक. ही कोण, मला माहीत नव्हतं. मी पोळ्या लाटत होते आणि लेक ओट्याला टेकून मला प्रश्न घालत होती, तेव्हा कळलं की या बाई दुसऱ्या महायुद्धात इथेच, डेटनच्या राइट फील्डवर, विमानांच्या संशोधन विभागात इंजिनीअर होत्या. आम्ही ज्या रस्त्याने भारतीय किराणा आणायला जातो, तिथून फार लांब नाही. चौथी पायरी राइट बंधूंच्या नावाची, तिला मोठी परीक्षा. बरीच मुलं तिथेच अडखळतात असं ऐकून मी उगाच तिच्या मानगुटीवर बसले. दोन दिवसांनी तिने मला सांगितलं की माझ्या अभ्यासाची जबाबदारी माझ्या फ्लाइट सार्जंटची आहे. फ्लाइट सार्जंट म्हणजे तोच, दाताला तारा लावलेला, पावसात उभा होता तो मुलगा.

डिसेंबरात एका शनिवारी डेटनच्या राष्ट्रीय दफनभूमीत सैनिकांच्या थडग्यांवर पुष्पचक्रं ठेवायला गेलो. चक्र ठेवायचं आणि दगडावरचं नाव मोठ्याने वाचायचं, एवढंच काम. बोटं गोठली होती. लेकीला काही आडनावं उच्चारता येईनात, ती प्रत्येकापुढे थांबून आधी मनात जुळवून बघायची आणि मगच म्हणायची. तिचं स्वतःचं आडनाव इथे शाळेत गेली कित्येक वर्षं कुणी नीट घेतलेलं नाही. मी मागे उभी होते, काही बोलले नाही.

फेब्रुवारीत शोधकार्याचा सराव झाला. विमान आदळलं की त्यातलं यंत्र आपोआप संदेश सोडू लागतं, तो धरून शोधायचं. वडीलधारे आधी जाऊन सरावाचं यंत्र एका बागेत लपवून आले होते. दिशा दाखवणारी अँटेना आहेच, पण नुसता रेडिओ असेल तर काय, हेही शिकवतात. रेडिओ छातीशी धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. ज्या क्षणी आवाज सर्वांत बारीक होतो, त्या क्षणी तुमचं अंग मध्ये आलेलं असतं, म्हणजे यंत्र तुमच्या पाठीमागे. चिखलात सहा मुलं रेडिओ पोटाशी कवटाळून भोवऱ्यासारखी फिरत होती. लांबून बघणाऱ्याला काय वाटलं असेल! दीड तासाने यंत्र सापडलं, सहलीच्या बाकाखाली. शिकवणारे गृहस्थ म्हणाले की खरा संदेश येतो तेव्हाही बहुतेक वेळा तो हँगरमध्ये सुखरूप उभ्या विमानातून येतो, उतरताना जरा जोरात टेकलेलं असतं इतकंच. तरी रात्री दोनला उठून जायचं. कारण कधीतरी तो तसा नसतो.

मार्चमध्ये मी पूर्ण सदस्य झाले. हवाई दलासारखा निळा गणवेश घालायचा तर वजनाची मर्यादा असते, आणि माझ्या बाबतीत तो प्रश्न एका वाक्यात निकालात निघाला. उरलेल्यांसाठी पांढरा शर्ट आणि करडी पँट. खांद्यावर पट्टे असल्यामुळे किराणा दुकानात लोक मला पायलट समजतात. प्रत्यक्षात मी हजेरीचे आणि प्रवेशाचे कागद बघते. आता लेक मला मंगळवारी 'मॅम' म्हणते. गाडीचं दार लागलं की 'आई, भूक लागलीय'.

आणि उड्डाण? 18 वर्षांखालच्या प्रत्येक कॅडेटला इंजिनाच्या विमानातून पाच आणि ग्लायडरमधून पाच फेऱ्या मोफत मिळतात, 'ओ-फ्लाइट' म्हणतात त्यांना. पण दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत, स्वयंसेवक वैमानिकाच्या सुट्टीच्या दिवशी. ओहायोच्या हिवाळ्यात हे तिन्ही एका शनिवारी जुळणं म्हणजे पत्रिका जुळण्यापेक्षा कठीण. पहिल्यांदा ढग खाली होते. दुसऱ्यांदा आडवा वारा. तिसऱ्यांदा विमानच तपासणीसाठी उघडून ठेवलेलं. तिसऱ्या वेळी आम्ही धावपट्टीपर्यंत जाऊन परत आलो, लेक वाटेत एक शब्द बोलली नाही आणि मी, चुकूनसुद्धा, 'पुढच्या वेळी' म्हटलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी आभाळ धुतल्यासारखं निघालं. सेसना 172, चार खुर्च्या, पंख डोक्यावर, म्हणून खालची जमीन अडथळ्याशिवाय दिसते आणि शोधाला बरी पडते. पालकांना जागा नाही. वैमानिक काकांनी (साठी उलटलेले, त्यांना काका म्हणायची सोय इथे नाही, पण माझ्या मनात ते काकाच) आधी सगळ्यांची वजनं विचारली. मग जवळजवळ पाऊण तास मुली विमानाभोवती फिरत होत्या. बिजागऱ्या हलवून बघायच्या, तेल बघायचं, पंखाखालून पारदर्शक भांड्यात थोडं इंधन काढून त्यात पाणी नाही ना ते बघायचं. इंधन निळं असतं, आभाळासारखं. ते भांडं उन्हात धरून माझी लेक इतकी एकटक बघत होती की मला वाटलं, आता उडालं नाही तरी चालेल हिला.

उडालं. ठिपका झालं, मग दिसेनासं झालं. मी कुंपणाच्या जाळीला धरून उभी होते आणि सोळा वर्षांची सार्जंट मला पाणी आणून देत होती. "मॅम, बसा ना." नाही बसले.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. जेवण झालं, बर्फ झाला.

"उडली का?"

लेकीने माझ्या हातातून फोन घेतला. "हो आजोबा."

बाबा क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग, "किती उंच?"

"साडेतीन हजार फूट."

"आणि तुला हात लावू दिला?"

"थोडा वेळ. वळवलं मी."

"कुठल्या अंगाला?"

"डावीकडे."

बाबांनी चष्मा काढला, मान वळवली आणि स्वयंपाकघराकडे हाक दिली, "अगं ए, ऐकलंस का? पोरीनं विमान डावीकडं वळवलं!"