हाताने मोजलेली मतं

2004 च्या डिसेंबरात मी सिएटलमध्ये मतमोजणीचं हंगामी काम करत होते. वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन डिनो रॉसी आणि डेमोक्रॅट क्रिस्टीन ग्रेग्वार यांच्यात अटीतटीची लढत झाली होती. सुमारे 28 लाख मतं पडली आणि पहिल्या मोजणीत रॉसी जेमतेम 261 मतांनी पुढे निघाले. यंत्रावरच्या फेरमोजणीत ती आघाडी 42 वर आली. मग डेमोक्रॅटिक पक्षाने 7 लाख 30 हजार डॉलर अनामत भरून राज्यभर हाताने मोजणी करायला लावली. सगळ्यात मोठा ढीग आमच्या किंग काउंटीचा, म्हणजे सिएटल ज्यात येतं त्या जिल्ह्याचा.

टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं शेजारी-शेजारी बसायची. निरीक्षक मागे उभे, पण कागदाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. नावांप्रमाणे गठ्ठे लावायचे, एकाने मोजायचे, मग दुसऱ्याने. आकडे जुळले नाहीत तर परत पहिल्यापासून. लिबर्टेरियन या छोट्या तिसऱ्या पक्षाच्या रूथ बेनेट निवडून येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी त्यांचा गठ्ठाही तेवढ्याच नेटाने मोजला जायचा. हे मला फार आवडायचं.

एका दुपारी एक मतपत्रिका हातात आली. रॉसींसमोरचा लंबगोल काळा केलेला, त्यावर ठसठशीत फुली, आणि ग्रेग्वार यांच्यासमोरचा लंबगोल भरून शेजारी बाण. यंत्राला यात दोन खुणा दिसतात. माझ्या शेजारी रिपब्लिकन पक्षाच्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, पुन्हा पुन्हा पाहिला. मी गप्प बसले. माझ्या तोंडून आधी काही निघणं मला बरं वाटेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "या मतदाराला ग्रेग्वारच हव्या आहेत," आणि आपल्या हाताने तो कागद त्या गठ्ठ्यावर ठेवला.

थोड्या वेळाने दुसरी आली. दोन्ही लंबगोल भरलेले, खाडाखोड काहीच नाही. ग्रेग्वार यांच्यासमोरची शाई मला किंचित गडद वाटत होती. पण नुसत्या वाटण्यावर कुणाचं मत ठरवायचं नसतं. ती बाजूला काढून कॅनव्हासिंग बोर्डाकडे, म्हणजे वादग्रस्त मतांचा निर्णय देणाऱ्या काउंटीच्या मंडळाकडे पाठवली.

मोजणी चालू असतानाच आमच्या काउंटीतल्या 573 टपाली मतपत्रिका चुकून बाद झाल्याचं उघड झालं. त्यातली एक तर काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स यांची स्वतःची. 22 डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या विचारात घ्यायला परवानगी दिली. अंतिम आकडे: ग्रेग्वार 13,73,361, रॉसी 13,73,232. फरक 129.

त्या बाईंचा उमेदवार हरला. मतदार याद्यांबद्दल त्यांच्या मनात शंका होत्या आणि त्यांनी त्या मला स्पष्ट सांगितल्या. आमच्या टेबलावरच्या आकड्यांबद्दल मात्र त्यांची तक्रार नव्हती. रिपब्लिकन पक्ष कोर्टात गेला. जून 2005 मध्ये वेनाची इथल्या न्यायाधीशांनी निकाल कायम ठेवला आणि रॉसींनी पुढे अपील केलं नाही.