मिराज 2000 एचचं टीएच करताना

महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर मिराज हे लढाऊ विमान 1985 पासून आहे, त्यामुळे ग्वाल्हेरच्या मॉडेलवाल्यांकडे 1/48 प्रमाणाचं एकआसनी (एच) किट बहुधा पडलेलं असतंच. त्याचं दोनआसनी टीएच करताना लोक आधी नाक कापून विमान लांब करतात आणि तिथेच फसतात. एकआसनीची लांबी 14.36 मीटर, दोनआसनीची 14.55. फरक 19 सेंमी, म्हणजे 1/48 ला जेमतेम 4 मिमी. मागच्या सीटची जागा मुख्यतः पाठीतून काढलेली आहे, तिथल्या उपकरणांचं आणि थोडं इंधनाचं पोट मारून. म्हणून आधी पाठ उघडा. आखलेल्या रेघेच्या 1 मिमी आत कापा, उरलेलं कानशीने.

नाकाचे दोन्ही अर्धे चिकटवून, रात्रभर वाळवून मगच आडवा छेद द्या. सुटे कापले तर नाक हमखास पिळतं. भरीला 2 मिमी प्लास्टिकच्या पत्र्याचे दोन तुकडे. आणि करवतीने खाल्लेलं प्लास्टिकही भरून द्यावं लागतं. हे विसरलं की विमान तेवढं आखूड.

टीएचला 30 मिमीच्या तोफा नाहीत. एअर इनटेकखालची त्यांची तोंडं बुजवा. सुंदर रंगवलेलं टीएच इथेच पकडलं जातं.

खरी कसोटी कॅनपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची. साचा एम-सीलचा करा, हव्या त्या मापापेक्षा सगळीकडून पारदर्शक पत्र्याच्या जाडीइतका लहान. 1200 च्या पॉलिशपेपरपर्यंत घासा, कारण साच्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेत उतरतो. पत्रा म्हणून मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण चालतं, पण ते पेट प्लास्टिकचं (बाटल्यांचं) असेल तर जास्त तापवल्यावर दुधाळ होतं. तापून झोळ पडला की लगेच साच्यावर ओढा. चार-पाच झाकणं वाया जातील असं धरूनच बसा.

सीट दोन्ही मार्टिन-बेकर एफ10क्यू, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या. मागची किंचित उंच बसवा; सपाट रेषेत आल्या तर बस वाटते.

पुटी पातळ थरांत, प्रत्येक थराला एक दिवस. मे महिन्यात इथल्या 45 अंशांत ती वरून तासाभरात सुकते, आत ओली राहते आणि प्रायमरनंतर खचते. सुपरग्लूत टाल्कम पावडर मिसळून केलेली पुटी खचत नाही, पण ती तासाभरातच घासून घ्या. दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि घासताना शेजारचं प्लास्टिकच झिजतं.