फॉन्ट फ्लॅशमध्ये, स्क्रीनवर मुंग्या

काल रात्री दोन तास डोकं आपटलं. अर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डवर छोटा ओएलईडी स्क्रीन लावलाय, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, त्यावर देवनागरी आकडे दाखवायचे होते. आता या चिपला रॅम किती तर २ केबी, त्यातला १ केबी डिस्प्लेचा बफरच (स्क्रीनवरच्या चित्राची प्रत) खातो, वर माझा फॉन्टचा टेबल, म्हणजे आकड्यांची चित्रं, मग काय, बोर्ड आपला सारखा रिसेट. फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवायची मेमरी, मात्र ३२ केबी, जवळजवळ रिकामीच. म्हणून टेबलापुढे प्रोगमेम (म्हणजे ‘हे फ्लॅशमध्ये ठेव’) लिहिलं, कंपाइल झालं, आणि स्क्रीनवर ५ च्या जागी नुसत्या मुंग्या!

भानगड अशी की एव्हीआरमध्ये, म्हणजे उनोवरच्या चिपच्या जातीत, फ्लॅश आणि रॅमचे पत्ते वेगवेगळे, म्हणजे ३०० नंबरचं घर फ्लॅशमध्येही आहे आणि रॅममध्येही. टेबल वाचायला साधं फॉन्ट[आय] लिहिलं की प्रोग्राम जाऊन रॅममधल्या ३०० चं दार वाजवतो आणि तिथे जो कोण असेल त्याला उचलून आणतो. फ्लॅशमधून आणायचं तर पीजीएम_रीड_बाइट लागतं, ते आतून एलपीएम ही फ्लॅश वाचायची इन्स्ट्रक्शन वापरतं, चिपच्या घड्याळाच्या ३ सायकल जातात, जाऊ देत.

एक ओळ बदलली, ५ आला. ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवर हे लफडं नाही, तिथली सवय नडली. आता सिरियलचे (कॉम्प्युटरला पाठवायचे) मेसेजपण एफ मॅक्रोत टाकतोय, म्हणजे तेही फ्लॅशमध्येच राहतील.